थोरल्या जावेचं पदक

यंदा पुन्हा टँकर सुरू झाला. मी हल्ली लातूरला लेकाच्या सोसायटीत राहते. सकाळी खाली गेटाशी हॉर्न वाजला की मोबाईलवर सगळ्यांचे निरोप पडायला लागतात, आणि त्यातले निम्मे टोमणे असतात. कुणाच्या टाकीत जास्त पाणी पडलं, काल कुणी गाडी धुतली, कुणाचा नळ रात्रभर ठिबकत होता. शिकलीसवरली, चांगल्या पगाराची माणसं, पण पाण्याच्या नळीवरून अशी हमरीतुमरीवर येतात की ऐकवत नाही. मी गॅलरीत उभी राहून बघते आणि माझं डोकं फिरतं. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? तिला काय सांगू. टँकरच्या पाण्याचा तो गंजका ओला वास वर आला की मला उदगीरचा एक जुना उन्हाळा आठवतो, आणि त्या उन्हाळ्याचा राग माझा अजून पुरता उतरलेला नाही.

आठवणी गोड असतात म्हणे. असतील एखाद्याच्या. माझी ही आठवण भातात आलेल्या खड्यासारखी आहे. घास चांगला असतो, पण दात मात्र ठणकतो.

नवा जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. आमचं उदगीर जुन्या जिल्ह्यातून उठून नव्यात आलं. म्हणजे घर तिथंच, मोंढा तिथंच, किल्ला तिथंच, फक्त कचेरीची वाट बदलली. आणि उदगीरकरांच्या जिवाला एकच लागून राहिलेलं, की जिल्हा लातूरला गेला, आपल्याला मिळाला नाही. पानपट्टीवर तेच, मोंढ्यात तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. पाऊस न पडणं मात्र दोन्ही जिल्ह्यांत सारखंच. विहिरीत डोकावलं तर तळाचे दगड दिसायचे, आणि त्या दगडांवर कुणाची तरी कधीकाळी पडलेली बादली. मोंढ्यात माल नाही, हमाल नाहीत, धान्याचा तो घशात बसणारा धुरळासुद्धा नाही. चिमण्या दुकानाच्या उंबऱ्यापर्यंत येऊन दाणा शोधायच्या आणि तशाच उडून जायच्या.

आमचं घर अडत्यांचं. सासरे, म्हणजे अप्पा, रोज सकाळी कपाळाला भस्म लावून मोंढ्यातल्या गादीवर जाऊन बसायचे. गिऱ्हाईक नसलं तरी बसायचे. मोंढ्यात त्यांच्या शब्दाला वजन होतं आणि घरात तर त्यांच्या शब्दाशिवाय दुसरं काही नव्हतंच. सासूबाईंना आम्ही अव्वा म्हणायचो. गुडघ्यांनी त्यांना बाजेवर बसवलेलं, जीभ मात्र चालती. दोन लेक, दोन सुना. थोरली महानंदा, तिला मी अक्का म्हणायची. धाकटी मी, सुमन, माहेर बिलोलीचं. ह्या अक्कानं माझ्या डोक्याला जेवढा ताप दिला तेवढा सगळ्या सासरानं मिळून दिला नसेल.

तर अक्का ही मुलींच्या शाळेत गाईडची कॅप्टन होती. शिक्षिका नव्हे हं. शाळेत तिला खुर्ची नव्हती, पगार नव्हता, चहासुद्धा घरचा पिऊन जायची. लग्नाआधी माहेरी गाईड होती, शिबिरं केलेली, दोरीच्या गाठी येत होत्या, शेकोटीची गाणी येत होती. शाळेतल्या बायांना हा व्याप नको होता. मोठ्या बाई घरी आल्या, अप्पांचा मूड बरा होता, आणि अप्पा हो म्हणून बसले. तेव्हापासून आठवड्यातून दोन संध्याकाळी अक्का निळी साडी नेसून, गळ्यात स्कार्फ बांधून, शिट्टी अडकवून बाहेर पडायची. आणि घरातलं सगळं माझ्या गळ्यात. भाकरी माझ्या, अव्वांच्या गुडघ्यांचा शेक माझा, आल्यागेल्याचा चहा माझा. गाईड म्हणे सर्वांची मैत्रीण असते. सर्वांची असते, जावेची सोडून. मी तिला तोंडावर म्हणायची, अक्का, तुमची सेवा जगाला दिसते आणि तिचा घाम माझ्या पदराला लागतो. ती हसायची. हसली की माझा राग अर्धा व्हायचा, आणि ह्याचा मला आणखी राग यायचा.

त्या उन्हाळ्यात टँकर गल्लीच्या तोंडाशी येऊन उभा राहायचा. पहिले काही दिवस जे झालं ते आठवलं तरी नको वाटतं. हंड्यावर हंडा, कळशीवर घागर, पितळेचा तो कर्कश आवाज, शिव्या. कुणी रांगेत आपला दगड ठेवून जायची, कुणी तो दगड लाथेनं उडवायची. समोरच्या रझियाखालाचा हात त्या रेटारेटीत मोडला. एक पोटुशी बाई चिखलात पडली. चिखल म्हणजे काय, आमच्याच सांडलेल्या पाण्याचा. जेवढं घागरीत जायचं तेवढंच मातीत जायचं.

अक्कानं ठरवलं, रांग आपण लावायची. शाळेतल्या पोरींना बोलावू असं कुणी म्हणालं, तर ती म्हणाली, पोरींच्या परीक्षा आहेत, त्यांना उन्हात उभं करायचं नाही. मग तिनं काय करावं? गल्लीतल्या बायकांचेच संघ पाडले. गाईडच्या पोरींच्या संघांना फुलांची नावं असतात, तशीच नावं ठेवली. गुलाब, मोगरा, जाई, चाफा. प्रत्येक संघाला एक नायिका. हात गळ्यात बांधलेली रझियाखाला मोगऱ्याची नायिका झाली. आज गुलाब पहिला, तर उद्या मोगरा, परवा जाई. आणि शिट्टीची भाषा शिकवली. एक लांब शिट्टी म्हणजे आहे तिथं गप्प उभं राहायचं. भराभर छोट्या शिट्ट्या म्हणजे असाल तिथून गोळा व्हायचं. एवढंच. लग्नामुंजीत ज्या बायका कुणाच्या बापाला गप्प बसल्या नाहीत, त्या एका लांब शिट्टीला हंडा कमरेवर ठेवून मुक्या व्हायला लागल्या. अहो, घरात बाजेवर बसलेल्या अव्वासुद्धा ती शिट्टी ऐकली की बोलता बोलता थांबायच्या. पंधरवड्यात बायका एकमेकींना नावानं हाक मारायच्या बंद झाल्या. आमी मोगरेवाले, तुमी चाफेवाले, असं सुरू झालं. नियम एकच होता, कॅप्टनच्या घरची घागर सर्वांत शेवटी. म्हणजे पुन्हा माझंच मरण. टँकरचा तळ खरवडून गढूळ पाणी यायचं आणि ते फडक्यातून गाळत मी बसायची.

हे सगळं बघून अप्पांचा पारा चढत गेला. घरच्या सुनेनं भर रस्त्यात शिट्टी मारायची म्हणजे काय. मोंढ्यात लोक चेष्टा करायचे. अप्पा, तुमच्या सुनंची शिट्टी वाजली की आमची बायको चुलीवरचा चहा टाकून पळती, असं कुणीतरी म्हणालं आणि अप्पा त्या दिवशी दुकान लवकर बंद करून घरी आले. जेवताना ताटाकडे बघत म्हणाले, "महानंदा, इतकी वर्षं घातलीस ह्यात. सरकारदरबारी कुनाला तुझं नाव तरी ठावं हाय का? एकदा चारचौघांत, भोंग्यावर, माझ्या कानानं ऐकू दे. न्हाई तर हा उन्हाळा सरला की शिट्टी पेटीत ठेवायची."

अक्काचा चेहरा पांढरा पडला. आणि अप्पा एकदा बोलले की बोलले, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

खरं म्हणजे मला आनंद व्हायला हवा होता. शिट्टी पेटीत गेली की माझ्या दोन हातांना आणखी दोन हात मिळणार होते. पण एकदा भावकीत कुणी गेल्यामुळं अक्काचं बाहेर जाणं महिनाभर बंद होतं, तेव्हाची अक्का मी बघितली होती. काम सगळं करायची, चूक काढायला जागा नाही, पण माणूस कुठंतरी निघून गेल्यासारखं. तिची गाणी बंद, माझी थट्टा बंद. त्या घरात माझं मन लागलं होतं ते हिच्यामुळं. हिच्या हसण्याशिवाय त्या घरात राहायचं म्हणजे मला तुरुंग वाटला असता. हे मी तिला कधी सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती आणखी दोन संध्याकाळी बाहेर गेली असती.

स्काउट-गाईडमध्ये मोठ्यांनाही पदकं असतात, हे मला त्याच आठवड्यात कळलं. लहान पोरींना गाठ मारली की बिल्ला, चूल पेटवली की बिल्ला. मोठ्यांचं तसं नसतं. त्यांनी आधी वर्षं घालायची, मग कुणीतरी शिफारस करायची, मग ते कागद वरवर जात राहायचे, आणि एखाद्या मेळाव्यात साहेबाच्या हातानं छातीवर पदक. मोठ्या माणसांना कसली एवढ्याशा धातूची भूक असते, असं मला वाटायचं. आता वाटत नाही. पोरींना शाबासकी द्यायला कॅप्टन असते. कॅप्टनला कोण देणार? घरचे तर उशीर का झाला तेवढंच विचारतात.

शिफारशीचे कागद मीच भरले, सही तेवढी मोठ्या बाईंची घेतली. अक्का कशाला करते. "विशेष कार्य" असं तिथं विचारलं होतं. मी म्हटलं, अक्का, सांगा. तर म्हणाली, विशेष काय, लिही कायबी न्हाई म्हनून. मी म्हटलं, आणि टँकरची रांग? तर म्हणे, रांग लावनं हे काय कार्य हाय, ते कोनीबी करंल. मी कपाळावर हात मारून घेतला. कोणीही करेल म्हणे. रझियाखालाचा हात मोडला तेव्हा कोणीही कुठं गेलं होतं? मी तिला उठवून लावलं आणि मनानं लिहिलं. मग धावपळ. जुन्या जिल्ह्याची कचेरी म्हणाली, तुमचं गाव आता आमच्यात नाही. नव्या जिल्ह्याची कचेरी म्हणजे एक खोली, दोन खुर्च्या आणि एक रिकामं कपाट. तिथले गृहस्थ फार सज्जन. त्यांनी कागद वाचले, मान डोलावली, आणि म्हणाले, सगळं बरोबर आहे, फक्त आमचा शिक्का अजून बनून यायचा आहे. भर उन्हात एसटीनं लातूरला जायचं आणि शिक्का आला का विचारून परत यायचं. डब्यातली भाकरी वाळून पापड व्हायची. शेवटी शिक्का आला, शिफारस मंजूर झाली, आणि निरोप आला की नव्या जिल्ह्याच्या पहिल्या मेळाव्यात महानंदाबाईंना दीर्घ सेवेचं पदक मिळणार. आणि मेळावा उदगीरला. उदगीरकरांनी भांडून मिळवलेला. जिल्हा तर गेला, निदान मेळावा तरी आमच्याकडं.

मी तो निरोप अप्पांच्या समोर मोठ्यानं वाचला. अप्पा हं म्हणाले. तेवढंच. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी कोट उन्हात टाकायला सांगितला.

मेळाव्याच्या सकाळी वारा सुटला होता. असा वारा की शामियान्याच्या कनाती पोटाशी धरून माणसं उभी. पटांगणात टाचभर फुफाटा. शाळाशाळांच्या पोरी रांगेत, त्यांचे गणवेश धुळीनं एका रंगाचे झालेले. अप्पा कोट घालून, टोपी घालून, पहिल्या रांगेतल्या खुर्चीत काठीवर दोन्ही हात ठेवून बसलेले. आमच्या गल्लीतल्या बायकासुद्धा आल्या होत्या, मागं सतरंजीवर, आपापल्या संघानं बसून. अक्का निळ्या साडीत आपल्या पोरींच्या पुढं उभी. मी कडेला उभी राहून तिच्याकडे बघत होते आणि पहिल्यांदा मला वाटलं की चला, एसटीचं भाडं फिटलं.

तेवढ्यात टँकर आला.

मैदानावर टँकर कशाला, हे मला आधी कळेनाच. मेळाव्याचे संयोजक एक सर होते. भला माणूस, सकाळपासून पळून पळून घसा बसलेला. ते पुढं झाले आणि मैदानावर पाणी मारायला सांगितलं. आपल्याकडं हा रिवाजच आहे. पाहुणे यायचे तर सडा पडला पाहिजे, धूळ बसली पाहिजे. दुष्काळ असो की काही असो, पाहुण्याच्या डोळ्यात माती गेली तर गावाची शोभा. चालकानं मागची तोटी सोडली आणि पाणी मातीवर पडलं. ओल्या मातीचा वास सुटला. सगळ्या मैदानानं माना वळवल्या. इतक्या महिन्यांत तो वास कुणी घेतला नव्हता, आणि मी मात्र पदर नाकाला लावला.

चालक इस्माईलभाई, आमच्याच गल्लीत रोज येणारा. अक्का त्याच्याशी जाऊन काहीतरी बोलली. मी धावत गेले. टँकर आमच्या गल्लीचाच होता. सकाळची खेप तिकडे न देता इकडे वळवलेली. इस्माईलभाई मान खाली घालून म्हणत होता, हितं आणा म्हनले बाई, मी काय करू. अक्कानं त्याला तोटी बंद करायला सांगितली आणि सरांना हाक मारली.

सर हात जोडून म्हणाले, "महानंदाबाई, आता अडवू नका. पाहुणे वाटेत हायत. तुमच्या गल्लीला संध्याकाळी देऊ की. आन् बाई, तुमच्याच सन्मानासाठी तर पाणी मारायलोय."

मला वाटतं ते सरांनी मनापासून म्हटलं होतं. म्हणून तर ते जास्त लागलं. तुमच्या सन्मानासाठी तुमच्याच घागरीतलं पाणी मातीत. ह्या देशात सन्मान करायची रीतच अशी आहे की ज्याचा सन्मान करायचा त्याचंच काहीतरी आधी घ्यायचं. वेळ घ्यायचा, वाट बघायला लावायचं, उन्हात बसवायचं, आणि मग हार घालायचा.

अक्का सरांना उलट बोलली नाही. इस्माईलभाईला म्हणाली, गाडी वळवा. आणि स्वतः चालकाच्या शेजारी चढायला लागली. मी तिचा पदर धरला. माझा आवाज चढला होता, लोक बघत होते, मला पर्वा नव्हती. म्हटलं, अक्का, पहिल्या खुर्चीत अप्पा बसलेत. टँकर जाऊ दे, तुम्ही थांबा. नाव पुकारतील, पदक घ्या, मग या.

ती म्हणाली, "भलत्या वेळी टँकर दारात गेला आन् शिट्टी नसली तर डोकी फुटतील, सुमन. परत कुनाचा तरी हात मोडंल."

"आणि अप्पांनी शिट्टीच पेटीत टाकली तर?"

"तर टाकतील," ती म्हणाली. आणि डोळे पुसले. मी बघितलं ते. मोठ्या मनानं हसत गेली वगैरे काही नाही. रडत गेली. तिला ते पदक हवं होतं. तिला ती शिट्टी तर त्याहून हवी होती. ती चढली, टँकर वळला, आणि मी धुळीत उभी राहून तिला, अप्पांना, सरांना, नव्या जिल्ह्याला आणि आभाळाला मनातल्या मनात जे काही म्हणाले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

पाहुणे आले. धूळ त्यांच्या डोळ्यांत गेलीच. भाषण सुरू झालं, निःस्वार्थ सेवा, उद्याचे नागरिक, आणि तेवढ्यात लांबून, गल्लीच्या बाजूनं, भराभर छोट्या शिट्ट्या ऐकू आल्या. गोळा व्हा. सतरंजीवरचा मोगरा उठला. मग गुलाब उठला, जाई उठली, चाफा उठला. भाषणाच्या मधोमध मागची सगळी सतरंजी रिकामी. पाहुण्यांनी विचारलं, काय झालं? सर बसलेल्या घशानं म्हणाले, पाणी आलं, साहेब.

मग पदकं. नावं भोंग्यावर पुकारली जात होती. ज्याचं नाव येईल तो जाई, पदक लावून घेई, टाळ्या होत. अक्काचं नाव आलं. कुणी उठलं नाही. दुसऱ्यांदा आलं. मी पुढं गेले, तर सर म्हणाले, ताई, हे गणवेशावरच लावायचं असतं, हातात देता येत नाही. मग भोंग्यावरच्या माणसानं जरा वैतागून तिसऱ्यांदा पुकारलं, पूर्ण नाव, नवऱ्याच्या नावासकट, गावासकट. आणि म्हणाला, गैरहजर. अप्पा समोर बघत बसले होते. त्यांच्या टोपीवर धूळ साचली होती. मला त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचता येईना.

घरी जाताना ते पुढं, मी मागं. सासऱ्याशी वर मान करून बोलायची आमच्या घरात पद्धत नव्हती. पण मला राहवलं नाही. म्हटलं, "अप्पा, नाव ऐकलंत ना तुमच्या कानानं? बाकीच्यांचं एकदाच घेतलं. हिचं तीनदा घेतलं." अप्पा थांबले नाहीत की वळले नाहीत. काठी तेवढी जोरात टेकवत गेले.

पदकाचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे त्याची वाट बघत बसायला नको. ते मिळालं नाही. मी लातूरला जाऊन विचारलं. ते सज्जन गृहस्थ म्हणाले, पदक आहे, कपाटात आहे, पण ते मेळाव्यातच, साहेबांच्याच हातानं लावायचं. पुढचा मेळावा दुसऱ्या गावी झाला, तेव्हा अव्वा दवाखान्यात होत्या. मग साहेब बदलले. मग ती खोलीच बदलली, कपाट कुठं गेलं कुणाला माहीत नाही. मी काही दिवस भांडले आणि मग सोडून दिलं. अक्कानं कधी विचारलंसुद्धा नाही. आता ती थकली आहे. उदगीरलाच असते. परवा फोनवर मी तिला सोसायटीतली भांडणं सांगितली, तर पलीकडून म्हणते, तू खाली जाऊन रांग का लावत न्हाईस? मी म्हटलं, अक्का, फोन ठेवा.

तर त्या दिवशीचं. दुपार टळून गेल्यावर अक्का घरी आली. साडी गुडघ्यापर्यंत भिजलेली, कडेवर आमची घागर, शेवटच्या पाण्याची. तिनं घागर माझ्याकडे दिली, हातपाय धुतले नाहीत, तशीच स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन बसली. मी घागरीचं पाणी फडक्यातून गाळायला बसले. दिवेलागणीला अप्पा जेवायला बसले. मी वाढत होते. अप्पांनी दोन घास खाल्ले आणि दाराकडे न बघता विचारलं,

"आज रांगंत भांडन झालं का?"

"न्हाई, अप्पा," अक्का म्हणाली.

"रिकामं कोन गेलं?"

"कोनी न्हाई."

अप्पांनी घास चावून संपवला. पाणी प्यायले. ते आमच्या घागरीतलंच होतं, गाळून घेतलेलं.

"उद्या कवा येतो टँकर?"

"सकाळीच."

"मग लवकर उठावं लागंल," अप्पा म्हणाले. आणि भाकरी मोडली.

एवढंच. अक्का दाराला डोकं टेकवून बसली, आणि तिच्या खांद्यांवरून मला कळलं की ती रडते आहे. मला वाटलं, आटोपलं, आता निदान शांतपणे जेवतील सगळे. मी वाकून भाकरी वाढायला गेले, तर अप्पा माझ्याकडे बघत होते. त्या घरात नांदायला लागल्यापासून त्यांनी माझ्याकडे असं सरळ बघितलेलं मला आठवत नव्हतं.

"धाकटे," ते म्हणाले, "तू घर वढतीस म्हनून तिला हे जमतंय. मला दिसतं ते."

ताट ठेवलं, आत चुलीपाशी गेले आणि पदर तोंडात कोंबून ढसाढसा रडले. ना शिफारस, ना शिक्का, ना भोंगा. दिवसभराचा एवढा मोठा संताप मी जपून आणला होता, तो एका वाक्यात गेला. इतक्या स्वस्तात मी विरघळले, ह्याचाच मला आज सर्वांत जास्त राग येतो. त्या एका वाक्यावर त्या घरानं पुढं माझ्याकडून कितीतरी उन्हाळे काढून घेतले, आणि मी ते दिले.